व्यसनमुक्ती समुपदेशनातील समता आणि समावेशन : ‘एकच प्याला’ ते मुळशी – एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी समाज व्यसनाविषयी विपुल बोलला आहे. व्यसनाधीन व्यक्तीशी मात्र तो फारसा बोललेला नाही. कीर्तन, भारूड, वग, संगीत नाटक, दारूबंदीची सभा आणि शाळेच्या भिंतीवरील सुविचार अशा सर्व माध्यमांतून व्यसनाचा निषेध पिढ्यान्पिढ्या होत आला. हा निषेध प्रामाणिक होता आणि त्यामागे उद्ध्वस्त संसारांचा अनुभव होता. परंतु निषेध आणि समुपदेशन या दोन भिन्न क्रिया आहेत. निषेधाला श्रोतृसमुदाय लागतो, समुपदेशनाला समोर एक माणूस लागतो. तो माणूस कोण, हा प्रश्न उपस्थित होताच समतेचा प्रश्नही उपस्थित होतो. कारण व्यसनमुक्तीची प्रत्येक सेवा आपल्या दारात येऊ शकणाऱ्या रुग्णाची एक प्रतिमा मनाशी धरूनच उभी राहते. त्या प्रतिमेत जे बसतात त्यांना दार उघडे असते. जे बसत नाहीत त्यांना दार कोणी बंद केलेले नसते. त्यांच्या वाटेवर ते मुळात बांधलेलेच नसते.

प्रस्तुत लेखात मराठी साहित्यातील व आचारातील या प्रतिमेचा शोध घेऊन, ती आजच्या समुपदेशन सेवांच्या रचनेत कितपत टिकून आहे याची चिकित्सा केली आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका हे क्षेत्र विचारात घेतले आहे. माहिती तंत्रज्ञान उद्यान, कारखानदारी, धरणग्रस्त गावे आणि आदिवासी वस्त्या एकाच तालुक्यात असल्यामुळे ‘सर्वांसाठी एकच सेवा’ या कल्पनेची परीक्षा येथे चांगली होते.

‘व्यसन’ या शब्दाचा कर्ता

‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ संकट, आपत्ती, अधःपतन असा आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाच्या अठरा व्यसनांची गणना आढळते. त्यांपैकी दहा कामज व आठ क्रोधज मानली आहेत. कामज व्यसनांच्या यादीत मृगया, द्यूत व मद्यपान यांच्या जोडीला स्त्रीही आहे. ही गोष्ट शब्दार्थापुरती मर्यादित नाही. या यादीत व्यसनाचा कर्ता राजा, म्हणजे सत्ताधारी पुरुष आहे; स्त्री ही व्यसनाची कर्ती नसून व्यसनाचा विषय आहे. आणि ज्याच्यापाशी सत्ता वा संपत्ती नाही, त्याचे अधःपतन नोंदवण्याचे शास्त्राला कारणच पडलेले नाही.

शब्द प्रवास करतात तेव्हा आपले जुने सामान सोबत आणतात. आधुनिक मराठीत ‘व्यसनी’ हे विशेषण उच्चारताच डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो. ‘दारुडा’, ‘बेवडा’, ‘गर्दुल्ला’ ही नामेही रूढ अर्थाने पुल्लिंगीच. त्यांची स्त्रीलिंगी रूपे व्याकरणाने सिद्ध करता येतात, पण ती बोलीत फिरतात ती केवळ शिवी म्हणून. ज्या अवस्थेला भाषेत शिवीवाचून नाव नाही, ती अवस्था घेऊन एखादी स्त्री समुपदेशकापुढे कोणत्या शब्दांत बसणार? काही केंद्रांनी ‘रुग्णमित्र’ हा शब्द रुळवला, त्याचे महत्त्व येथे ध्यानात येते. तो शब्द दोष काढून घेतो आणि नाते देऊ करतो. मात्र शब्द बदलला म्हणजे प्रतिमा बदललीच, असे गृहीत धरता येत नाही.

सिंधू, गीता आणि भगीरथ

महाराष्ट्रात दारूच्या प्रश्नाला नागरी प्रश्नाचे रूप देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न महात्मा जोतीराव फुले यांनी केला. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात दारूची दुकाने वाढू देण्यास लेखी विरोध केला. फुले यांच्या मांडणीत दारू हा व्यक्तीच्या शीलाचा प्रश्न राहत नाही. परवाने देणाऱ्या व्यवस्थेलाही त्याचे उत्तरदायित्व येते. पुढील काळातील मध्यमवर्गीय साहित्याने मात्र हा प्रश्न पुन्हा घराच्या चार भिंतींत आणला.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांनी साकारलेली सिंधू मराठी मनात कायमची घर करून राहिली. व्यसनाविषयीच्या मराठी कल्पनेवर या नाटकाइतका प्रभाव क्वचितच दुसऱ्या साहित्यकृतीचा पडला असेल. त्यामुळे समुपदेशनाच्या दृष्टीने त्याचे पुनर्वाचन उपयुक्त ठरते. सुधाकर हा बुद्धिमान वकील. भर न्यायालयातील मानभंगाने तो खचतो आणि तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. पतनाची सुरुवात येथे चैनीने होत नाही, ती अपमानाने होते. हे गडकऱ्यांचे निरीक्षण आजच्या समुपदेशकालाही मान्य व्हावे. परंतु नाटकाची सहानुभूती कोणाकडे वळते, हे पाहणे महत्त्वाचे आहे. सुधाकरासाठी प्रेक्षक हळहळतो. तळीरामाला मात्र तो हसतो. दोघांचा रोग एकच. परंतु एकाच्या वाट्याला शोकांतिका येते, दुसऱ्याच्या वाट्याला प्रहसन. प्रतिष्ठितांचे व्यसन ही दुर्दैवी घटना आणि सामान्यांचे व्यसन ही त्यांची जातकुळी, अशी विषम वाटणी पुढे समाजमानसातही रुजलेली दिसते.

स्त्रीपात्रांबाबत हीच विषमता अधिक तीक्ष्ण होते. सिंधू पतीच्या व्यसनाचा सर्व भार मूकपणे वाहते आणि त्यातच तिचा अंत होतो. तळीरामाची पत्नी गीता फटकळ आहे. ती नवऱ्याच्या व्यसनाला व्यसन म्हणते. समुपदेशनाच्या दृष्टीने पाहता गीता अधिक निरोगी आहे. तरीही आदर्श म्हणून समाजाने उचलली ती सिंधू. ‘बाईने सोसले तर पुरुष सुधारेल’ ही अपेक्षा आजही कुटुंब-समुपदेशनाच्या बैठकीत अनेकदा न बोलता उपस्थित असते. पत्नीला उपचाराची साहाय्यक म्हणून बोलावले जाते, पण तिच्या स्वतःच्या झिजेची विचारपूस होईलच याची शाश्वती नसते.

या नाटकातील दुर्लक्षित राहिलेले पात्र म्हणजे भगीरथ. प्रेमभंगाने मद्याकडे वळलेला हा तरुण रामलालच्या सहवासात सावरतो. त्याला उपदेशापेक्षा काम आणि विश्वास मिळतो. म्हणजे व्यसनातून बाहेर पडता येते, हे गडकऱ्यांनी दाखवले होते. समाजाने मात्र सुधाकराचा शेवट लक्षात ठेवला. व्यसन हा सुटण्याजोगा आजार आहे ही गोष्ट मराठी मनाला पटण्यास त्यानंतर जवळजवळ सात दशके लागली.

‘गर्द’ ते मुक्तांगण

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजेच लोकभाषेतील ‘गर्द’, पसरली. डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर केलेले लेखन मराठीत नव्या प्रकारचे होते. त्यात गर्द घेणाऱ्या मुलांचे बोलणे ऐकून घेतलेले होते. निषेधाच्या परंपरेला येथे प्रथमच कान फुटले, असे म्हणता येईल. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा येथे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात कार्यरत असलेल्या डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी या केंद्राची उभारणी केली. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ही धुरा पुढे वाहिली. एका लेखमालेतून संस्था जन्माला यावी, हे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात विरळा उदाहरण आहे.

समतेच्या दृष्टीने मुक्तांगणच्या पद्धतीतील एक गोष्ट मूलगामी आहे. व्यसनातून बाहेर पडलेली माणसे तेथे समुपदेशक म्हणून काम करू लागली. त्यामुळे ज्ञानी आणि अज्ञानी, सुधारक आणि पतित ही उतरंड बरीचशी मोडली गेली. ज्याने स्वतः ते भोगले, त्याचे ज्ञान येथे अधिकृत ठरले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या १९३५ मध्ये अमेरिकेत उदयास आलेल्या चळवळीचे तत्त्वही हेच. मद्यपान थांबवण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आणि कोणतेही शुल्क नाही, हा तिचा नियम सैद्धान्तिक पातळीवर संपूर्ण समतेचा आहे.

तथापि या दोन्ही परंपरांचा आरंभबिंदू पुरुष रुग्ण हाच होता, हे नोंदवणे आवश्यक आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या १९३९ च्या मूळ ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण ‘पत्नींना’ उद्देशून आहे. मद्यपी तो पती आणि वाचणारी ती पत्नी, हे गृहीतक त्याच्या शीर्षकातच आहे. मुक्तांगणमध्येही व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा आधारगट आकारास आला, तर व्यसनाधीन स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग २००९ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर दोन दशके उलटल्यावर सुरू झाला. हा संस्थेचा दोष म्हणून सांगण्याचा हेतू नाही. उलट असा विभाग सुरू करण्याचे धाडस फार थोड्यांनी दाखवले. परंतु संवेदनशील संस्थेलाही सहचरीकडून स्त्री-रुग्णापर्यंत पोहोचण्यास एवढा काळ लागला, यावरून समाजमनातील प्रतिमेचे बळ लक्षात येते. सिंधूला आधार देणे समाजाला सुचते. सिंधू स्वतः पीत असेल, हे त्याला सुचत नाही.

आकडेवारीचे वाचन

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय केंद्राने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण २७.३ टक्के तर स्त्रियांमध्ये १.६ टक्के आहे. एका मद्यपी स्त्रीमागे १७ मद्यपी पुरुष, असे हे गुणोत्तर आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तींपैकी दर ३८ जणांत एकालाच कोणते तरी उपचार वा साहाय्य मिळाल्याचे आणि दर १८० जणांत एकालाच रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाल्याचे त्यातून दिसले.

या आकड्यांचे दोन प्रकारे वाचन होऊ शकते. प्रशासकीय वाचनात सतरास एक या गुणोत्तराचा अर्थ ‘स्त्रियांसाठी स्वतंत्र सोयीची निकड नाही’ असा लावला जातो. परंतु १६ कोटींचा अठरावा हिस्सा सुमारे ९० लाख होतो. ही संख्या नगण्य म्हणणे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. शिवाय घरोघरी जाऊन विचारलेल्या प्रश्नाला स्त्री ज्या परिस्थितीत उत्तर देते, ती परिस्थिती आकड्यात उतरत नाही. मिशरी आणि तंबाखू यांना तर व्यसन म्हणण्याचीच पद्धत नाही. डॉक्टरी चिठ्ठीने सुरू झालेली आणि नंतर न सुटलेली झोपेची गोळीही याच सदरात मोडते.

दुसरे वाचन अधिक मूलभूत आहे. अडतीसांतील ते सदतीस कोण, हा प्रश्न सेवा पुरवणाऱ्यांच्या नोंदवहीत कधीच येत नाही. नोंदवही आलेल्यांची असते. केंद्रात किती बरे झाले याची टक्केवारी निघते; केंद्रापर्यंत कोण पोहोचले नाही याची निघत नाही. समावेशनाची खरी चिकित्सा या न लिहिलेल्या पानापासून सुरू झाली पाहिजे.

मुळशी : एका तालुक्यातील तीन अंतरे

मुळशी तालुक्याचा पूर्वभाग म्हणजे हिंजवडी, माण, मारुंजी हा माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा पट्टा. मध्यभागी पिरंगुट परिसरातील कारखाने आणि तालुक्याचे ठिकाण असलेले पौड. पश्चिमेस ताम्हिणी घाट, टाटा कंपनीचे धरण आणि त्याच्या काठाने विखुरलेल्या वाड्या. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह याच भूमीतला. विकासासाठी जमीन देणाऱ्यांना त्या विकासात स्थान काय, हा प्रश्न येथे शंभर वर्षे जुना आहे; धरणानंतर तो लवासाच्या आणि गृहप्रकल्पांच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा उभा राहिला. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाने जमीन विकलेल्या कुटुंबाची घसरण राज्यभर पोहोचवली. मात्र त्याबरोबर एक साचाही तयार झाला : जमिनीचा पैसा, मग माज, मग नाश. जमीन गेल्यावर हाताला काम न उरलेला, पिढीजात ओळख गमावलेला माणूस पिऊ लागतो तेव्हा ‘पैसा उतू गेला’ एवढेच निदान गावात होते. सुधाकराच्या मानभंगाला रंगभूमीवर मिळालेली सहानुभूती या माणसाला मिळत नाही. समुपदेशकही याच साच्यातून पाहू लागला, तर त्याला माज दिसेल आणि शोक दिसणार नाही.

या तालुक्यात समुपदेशन सेवेपासूनची अंतरे तीन प्रकारची आहेत. पहिले अंतर भौगोलिक व आर्थिक. निवासी उपचारांची व्यवस्था प्रामुख्याने पुणे शहराच्या आसऱ्याने वाढली. घाटमाथ्यावरील वाडीतून येरवड्यास जायचे म्हणजे पौड रस्त्याने येऊन संपूर्ण शहर ओलांडायचे. मुक्तांगणसारख्या केंद्रातील उपचारांचा कालावधी सुमारे ३५ दिवसांचा. नोकरदाराला या काळात रजा मिळू शकते. रोजंदारीवर जाणाऱ्याची ३५ दिवसांची मजुरी बुडते, आणि तो एकटा कमावता असेल तर घराची चूल अडते. शुल्क माफ केले तरी मजुरी भरून निघत नाही. म्हणून गरिबांच्या दृष्टीने उपचारांची किंमत केंद्राच्या पावतीवर कधीच पूर्ण लिहिलेली नसते.

दुसरे अंतर सामाजिक. हिंजवडीतील मोठ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला कंपनीमार्फत गोपनीय समुपदेशन मिळू शकते. त्याच इमारतीतील सुरक्षारक्षक, वाहनचालक आणि सफाई कामगार कंत्राटदाराचे असतात. त्यांच्यापर्यंत ही सोय बहुधा येत नाही. एकाच छपराखाली एकाचा मद्यपानाचा प्रश्न ‘ताण’ ठरतो आणि दुसऱ्याचा ‘गैरवर्तन’. पहिल्याला समुपदेशक भेटतो, दुसऱ्याला घरचा रस्ता. परप्रांतातून आलेल्या बांधकाम मजुराच्या बाबतीत भाषेचीही भिंत उभी राहते.

तिसरे अंतर विश्वासाचे. मुळशीच्या वाड्यांतून राहणारा कातकरी समाज हा महाराष्ट्रातील कोलाम व माडिया गोंड यांच्याप्रमाणे विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. दारूच्या संदर्भात शासनयंत्रणेशी आदिवासींची ओळख समुपदेशकाच्या रूपाने झालेली नाही, ती अबकारी शिपायाच्या रूपाने झाली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती दारू गाळण्यावर निर्बंध आणून उत्पादन मक्त्याखाली आणले. १८९२ च्या मोहा कायद्याने शेजारच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने घातली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात परवान्याची तरतूद होती. परवाना मिळवण्याचे साधन कोणापाशी होते, हे सांगावयास नको. तात्पर्य, एकाच पेयासाठी वरच्या थराला परवाना आणि खालच्या थराला पंचनामा, असा व्यवहार दीर्घकाळ चालला. अशा वस्तीत वहीपेन घेऊन ‘किती पिता?’ असे विचारणारा माणूस मित्र वाटावा, ही अपेक्षा इतिहासाला सोडून आहे. विटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर उचल घेऊन हंगामभर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला मासिक पाठपुराव्याची तारीख देणेही असेच निरर्थक.

निनावीपणाच्या तत्त्वाचीही येथे कसोटी लागते. शहरात बैठकीला जाणारा माणूस गर्दीत मिसळून जातो. वीस उंबऱ्यांच्या वाडीत कोणाची मोटारसायकल कोणाच्या दारी उभी आहे, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक असते. आशा स्वयंसेविका हा ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा कणा आहे. परंतु ती त्याच गावची रहिवासी, कोणाची तरी सून किंवा भावजय. अपरिचिताजवळ जे बोलता येते ते नात्यातल्या बाईजवळ बोलता येत नाही. जातीची उतरंड मध्ये आली तर बोलणे अधिकच अवघड होते. त्यामुळे सेवा गावात नेली म्हणजे ती जवळ आली, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. जवळीक हीच काही वेळा अडसर असते.

कायद्याची भाषा आणि सेवेची भाषा

कायदा या बाबतीत सेवेच्या बराच पुढे आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला. त्याच्या कलम १८ नुसार लिंग, लैंगिक अभिमुखता, धर्म, संस्कृती, जात, वर्ग, अपंगत्व, सामाजिक वा राजकीय मते यांवरून भेदभाव न होता मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. हा अधिनियम २०१८ मध्ये अमलात आला. स्वेच्छेने दाखल होणाऱ्या प्रौढ व्यक्तीला नातेवाइकाच्या संमतीची वा उपस्थितीची गरज नाही, असेही तो सांगतो. आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा अधिकारही तो रुग्णाला देतो.

प्रत्यक्षात व्यसनमुक्ती केंद्रात प्रवेशाच्या वेळी कुटुंबातील जबाबदार व्यक्ती सोबत असावी, ही अपेक्षा सर्वत्र रूढ आहे. तिच्यामागे व्यावहारिक कारणे आहेत. कुटुंबाच्या सहभागाने उपचार टिकतात, हा अनुभवही खरा आहे. परंतु ही अपेक्षा अट बनली की ती कोणाला वगळते? नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला, घरातून हाकललेल्या तृतीयपंथी व्यक्तीला, गाव सोडून आलेल्या एकट्या मजुराला. ज्यांना कुटुंबाचा आधार सर्वांत कमी, त्यांच्याकडेच कुटुंबाचा दाखला मागितला जातो. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१९ मध्ये झाला, तरी पुरुष कक्ष आणि स्त्री कक्ष या दोनच दारांची रचना बहुतेक ठिकाणी कायम आहे. गटचर्चा हा उपचारांचा गाभा असलेल्या केंद्रात कर्णबधिर व्यक्तीने काय करावे, या प्रश्नालाही सहसा उत्तर नसते.

अमली पदार्थांच्या बाबतीत आणखी एक विषमता संभवते. १९८५ च्या अमली पदार्थ विरोधी कायद्यानुसार सेवन हाही गुन्हा आहे. मात्र कलम ६४-अ नुसार अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्यातील व्यसनाधीन व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे संरक्षण उपचार पूर्ण करण्यावर अवलंबून आहे. ज्याला वकील आहे त्याला हे कलम ठाऊक असते आणि ज्याला ३५ दिवस देता येतात तो उपचार पूर्ण करतो. मेफेड्रोन २०१५ मध्ये या कायद्याच्या कक्षेत आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचलेल्या पुणे पोलिसांच्या कारवाईत त्याचा प्रचंड साठा सापडला. साठ्याची बातमी राज्यभर झाली. तो पदार्थ घेणाऱ्या तरुणाने कोणाकडे जावे, याची बातमी मात्र झाली नाही. १५ ऑगस्ट २०२० पासून राबवल्या जाणाऱ्या नशामुक्त भारत अभियानाने १४४४६ ही मदतवाहिनी दिली आहे. परंतु दूरध्वनी घरात एकच, आणि तोही नवऱ्याच्या खिशात असेल, तर ही वाहिनीही सर्वांची राहत नाही.

समानता म्हणजे एकसारखेपणा नव्हे

येथे एक आक्षेप विचारात घेणे न्याय्य होईल. सेवा आधीच अपुऱ्या आहेत. अडतीसांत एकाला उपचार मिळत असताना स्त्रिया, आदिवासी, तृतीयपंथी, स्थलांतरित अशा गटागटांसाठी वेगळी सोय मागणे म्हणजे तुटपुंज्या साधनांची वाटणी करणे होय. आधी सेवा वाढवावी, मग समावेशनाचे पाहावे, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर व्यवहार्य वाटतो. परंतु सेवा ज्या प्रतिमेवर उभी आहे तीच प्रतिमा घेऊन ती वाढली, तर दहा केंद्रांच्या जागी शंभर केंद्रे होतील आणि त्या शंभरांतही तेच रुग्ण येतील. वाढ आणि समावेशन या एकापाठोपाठ करावयाच्या गोष्टी नाहीत.

दुसरीकडे, प्रत्येक गटासाठी वेगळा कक्ष हेच समावेशनाचे उत्तर मानणेही धोक्याचे आहे. स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे. पण आईसोबत आलेल्या लहान मुलाची सोय तेथे नसेल, तर तो विभाग मूल नसलेल्या स्त्रीसाठीच उरतो. वेगळेपणा हे साधन आहे, साध्य नव्हे. प्रत्येकाला सारखेच देणे म्हणजे समता, हा समज सोडून प्रत्येकाला पोहोचता येईल असे देणे म्हणजे समता, हे मान्य करावे लागते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील विशेष तरतुदींचे तत्त्वही याहून निराळे नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मराठी समाजातील व्यसनाधीन व्यक्तीची प्रचलित प्रतिमा प्रौढ, कमावता, कुटुंबवत्सल होऊ शकणारा पुरुष अशी आहे आणि सेवांची रचना अजूनही तिच्याभोवती फिरते. मुक्तांगणसारख्या संस्थांनी अनुभवी समुपदेशकाला अधिकार देऊन या रचनेला महत्त्वाचा छेद दिला. तो छेद पुढे नेणे, हे आजचे कार्य आहे. भोगलेल्याचे ज्ञान हे प्रमाण असेल, तर कातकरी वाडीतून, कंत्राटी कामगारांतून, बऱ्या झालेल्या स्त्रियांतून आणि तृतीयपंथी व्यक्तींतून समुपदेशक घडवणे ही त्याच तत्त्वाची स्वाभाविक परिणती ठरते.

मुळशीसारख्या तालुक्यात निवासी उपचारांइतकेच बाह्यरुग्ण समुपदेशनाला महत्त्व द्यावे लागेल. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी, सर्वसाधारण आरोग्य तपासणीच्या सोबतीने ते उपलब्ध झाले तर रोजंदारी बुडत नाही आणि येण्याचे कारणही कोणाला सांगावे लागत नाही. स्थलांतरित कुटुंबाच्या हंगामानुसार पाठपुरावा आखावा लागेल. प्रवेशासाठी नातेवाईक ही अट न ठेवता ती निवड ठेवावी लागेल. आणि प्रत्येक केंद्राने वर्षाकाठी आलेल्यांच्या नोंदीबरोबर, आपल्या परिसरातील कोण आले नाही, याचीही नोंद ठेवावी लागेल.

गडकऱ्यांच्या नाटकात सुधाकराला मित्र होता, पत्नी होती, त्याच्यासाठी रडणारा प्रेक्षक होता; तरीही तो वाचला नाही. ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्यांच्यासाठी समुपदेशन सेवा हाच एकमेव मित्र असू शकतो. तो मित्र त्यांच्या भाषेत बोलतो का, त्यांच्या वेळेला भेटतो का आणि त्यांना माणूस म्हणून ओळखतो का, यावरच व्यसनमुक्ती सेवांतील समतेचे मोजमाप होणार आहे.